सायकल सहलीचा हिशेब किलोमीटरमध्ये मांडू नये

मा. संपादक यांस,
स. न. वि. वि.

हिवाळा सुरू झाला की वृत्तपत्रांच्या पुरवण्यांमधून सायकलवरून केलेल्या लांब पल्ल्याच्या प्रवासाची वर्णने येऊ लागतात. त्यांत बहुधा पहिल्याच ओळीत किती दिवसांत किती किलोमीटर हे सांगितलेले असते, आणि ते वाचून माझ्यासारखा पन्नाशी ओलांडलेला, आठवड्यातून दोनदा येऊरच्या चढावर घाम गाळणारा माणूस आपणही असे काही करावे असे मनाशी ठरवतो. मीही तसेच ठरवले. गेल्या जानेवारीत मी, माझा मेहुणा आणि २३ वर्षांचा भाचा असे तिघे अलिबागजवळच्या मांडव्यापासून गोव्याच्या सीमेवरच्या तेरेखोलपर्यंत कोकणच्या किनाऱ्याकिनाऱ्याने सायकलवरून गेलो. अनेक दिवसांची ही आमची पहिलीच सहल होती. ती पूर्ण झाली खरी, पण ठरवली तशी मुळीच झाली नाही. ती का झाली नाही, हे यंदा पहिल्यांदा निघणाऱ्यांच्या उपयोगी पडेल असे वाटल्याने हे पत्र लिहीत आहे.

आमचा हिशेब सोपा होता. नकाशावर अंतर साडेपाचशे किलोमीटरच्या आसपास भरत होते. सरावात घोडबंदर रस्त्याने आणि पुढे वसईकडे जाऊन-येऊन एका दिवसात १०० किलोमीटर आम्ही दोन-तीनदा केलेले होते. तेव्हा रोजचे ९० किलोमीटर धरले, सहा दिवस ठरवले, सहा दिवसांची रजा टाकली आणि सहाही रात्रींच्या मुक्कामाच्या खोल्या आगाऊ रक्कम भरून राखून ठेवल्या. प्रत्यक्षात नऊ दिवस लागले. वाढीव तीन दिवसांच्या रजेसाठी रत्नागिरीहून कार्यालयात दूरध्वनी करताना जे ऐकावे लागले ते येथे लिहीत नाही.

चूक अंतरात नव्हती. कोकणचा किनारा म्हणजे समुद्राकाठचा सपाट रस्ता, ही घाटावरच्या आणि ठाण्या-मुंबईच्या माणसाची समजूत नकाशाने अधिकच पक्की होते, कारण नकाशावर तो रस्ता निळ्या पट्टीला चिकटून जाताना दिसतो. वास्तवात अलिबाग-मुरूडच्या पुढे आणि विशेषतः दापोली तालुक्यापासून खाली, रस्ता एका खाडीच्या काठावरून उठतो, जांभ्या दगडाच्या सड्यावर, म्हणजे उघड्या पठारावर, शंभर-दीडशे मीटर चढतो, सड्यावर थोडा वेळ मोकळा पळतो आणि पुन्हा पुढच्या खाडीच्या किंवा वाडीच्या पाण्याला टेकायला खाली उतरतो. सह्याद्रीचा घाट निदान एकदा चढला की संपतो. येथे मात्र तोच लहानसा घाट दिवसातून सात-आठ वेळा नव्याने सुरू होतो आणि प्रत्येक उतारावर, आता हे सगळे परत चढायचे आहे, या जाणिवेने उताराची गंमतही निम्मी होते. रत्नागिरीहून भाट्याच्या पुलावरून पावस, पूर्णगड, आडिवरे, नाटे करीत जैतापूरपर्यंतचा दिवस साधारण ६० किलोमीटरचा होता, पण भाच्याच्या हँडलवरील यंत्राने दिवसअखेर एकूण चढाई अकराशे मीटर दाखवली. खोपोलीहून लोणावळ्याला पोहोचेपर्यंत माणूस साडेपाचशे मीटर चढतो. म्हणजे किनाऱ्यावरच्या त्या ‘सपाट’ दिवशी आम्ही बोरघाट दोनदा चढलो होतो, तोही सामानासह. आता मी कोणत्याही रस्त्याची आखणी करताना आधी चढाईचे मीटर पाहतो, मग वाटेतल्या खाड्या मोजतो आणि किलोमीटर सर्वांत शेवटी पाहतो.

सामानाचेही तसेच. मागच्या कॅरिअरला दोन्ही बाजूंना अडकवलेल्या पिशव्यांत माझ्याजवळ १४ किलो वजन होते, आणि निघण्यापूर्वी एवढे वजन लादून मी एकदाही सायकल चालवलेली नव्हती. पहिल्याच दिवशी रेवदंड्याचा पूल ओलांडून काशीदकडे जाताना तीव्र चढावर पुढचे चाक जमिनीवर नीट टेकत नाही, हँडल हलके होऊन इकडेतिकडे जाते आणि उतारावर सबंध सायकल शेपटी हलवल्यासारखी डुलते, हे ध्यानात आले. सगळे वजन मागे टाकल्याचा तो परिणाम होता. मुरूडच्या मुक्कामी पिशव्या रिकाम्या करून पाहिल्या तेव्हा त्यांतून जीनची विजार, बुटांचा दुसरा जोड, कॅमेऱ्याची तिकाटणी, चार जास्तीचे सदरे आणि ‘संध्याकाळी वाचू’ म्हणून घेतलेला सहाशे पानांचा ग्रंथ निघाला. दुसऱ्या दिवशी श्रीवर्धनच्या टपाल कार्यालयातून साडेचार किलोचे पार्सल घरी रवाना केले. खिडकीतल्या बाईंनी वजन करता करता, “सायकलवरून चाललात ना? मग हे आणलंत कशाला?” असे विचारले, त्याला माझ्याजवळ उत्तर नव्हते. उरलेल्यातले जड ते, म्हणजे हत्यारे, कुलूप आणि पाण्याची मोठी बाटली, सायकलच्या मधल्या नळ्यांच्या त्रिकोणात आणि हँडलच्या पिशवीत आणले. त्यानंतर चाक उचलले नाही.

गिअरच्या दात्यांचा हिशेब मी निघण्यापूर्वी कधी केलाच नव्हता. माझ्या सायकलला पुढे ४८, ३८ आणि २८ दात्यांच्या तीन चक्र्या आहेत आणि मागची सर्वांत मोठी चक्री तेव्हा २८ दात्यांची होती. म्हणजे सर्वांत हलक्या गिअरमध्येही पेडलचा एक फेरा झाला की मागच्या चाकाचा पुरा एक फेरा होत असे. ठाण्याच्या उड्डाणपुलावर ते पुष्कळ झाले, पण सामानासह बुरोंडीच्या अलीकडच्या चढावर गुडघ्यांनी तक्रार सुरू केली. परत आल्यावर, चढावर पेडल हलके पडावे म्हणून, मी मागे ३४ दात्यांची चक्री असलेला संच बसवून घेतला. एवढ्याने जो त्रास वाचला असता, तो मी नऊ दिवस सोसला. चढावर सायकल हातात धरून चालण्यात कमीपणा मानू नये, हेही येथेच सांगून टाकतो. पेडल मारीत ताशी पाच किलोमीटरने जाणे आणि चालत ताशी चारने जाणे यांत फरक फारसा नाही, आणि चालताना बैठकीला विसावा मिळतो.

बैठकीचा विषय नाजूक असल्याने वर्णनांतून तो येत नाही, म्हणून दोन वाक्ये लिहितो. सीटची उंची टाच पेडलवर ठेवून पाय खाली सरळ होईल इतकी हवी. माझी त्याहून बोटभर कमी होती आणि दोन दिवसांत गुडघ्याची पुढची बाजू ठणकू लागली, तर मेहुण्याची जास्त होती आणि मागून पाहताना त्याची कंबर प्रत्येक फेऱ्याला डावी-उजवीकडे झुलत असे. तिसऱ्या दिवशी भाच्याने दोघांच्याही सीट पान्याने सारख्या केल्या आणि आमच्याकडे, एवढे साधे तुम्हाला कसे कळले नाही, अशा नजरेने पाहिले. गादी लावलेली चड्डी रोज धुऊन पूर्ण वाळवलेलीच घालावी. कोकणच्या दमट हवेत रात्रभरात ती वाळत नाही, म्हणून दोन नव्हे तर तीन असाव्यात.

सहाही रात्रींच्या खोल्या आधी ठरवल्याचा फटका चौथ्या दिवशी बसला. दाभोळच्या जेटीवर फेरीबोट समोरून सुटताना दिसली, पुढचीने धोपाव्याला उतरलो तेव्हा ऊन कलले होते आणि आमची खोली गुहागरच्याही पुढे वेळणेश्वरला होती. पैसे भरलेले आहेत, या एका कारणासाठी आम्ही शेवटचे बारा किलोमीटर काळोखात, वळणावळणाच्या अरुंद रस्त्यावर, समोरून येणाऱ्या गाड्यांच्या प्रखर दिव्यांत डोळे दिपवून घेत पार केले. घरगुती निवासाच्या मालकांना वाटेतून कळवले तेव्हा ते एवढेच म्हणाले, “या सावकाश, जेवण झाकून ठेवतो.” दुसऱ्या दिवशी सकाळी आम्ही पुढच्या सगळ्या खोल्या रद्द केल्या आणि त्यानंतर रोज दुपारी दोनच्या सुमारास, दिवस कसा चालला आहे हे पाहून, पुढच्या गावी दूरध्वनी करीत गेलो. शनिवार-रविवार आणि गणपतीपुळ्यासारखे गर्दीचे ठिकाण सोडले तर जानेवारीत कोठेही अडले नाही.

आता पंक्चरविषयी, कारण ज्याची सर्वांत अधिक तयारी केली असे मला वाटत होते त्यातच मी सर्वांत अधिक उघडा पडलो. पूर्णगडची खाडी ओलांडून सड्यावर आल्यावर माझे मागचे चाक बसले. ट्यूब बदलली, हवा भरली, निघालो. दोन किलोमीटरवर ते पुन्हा बसले. दुसरी राखीव ट्यूब घातली, तीही आडिवऱ्याच्या अलीकडे गेली. सायकल ढकलत रस्त्याकडेच्या एका टपरीपर्यंत पोहोचलो. तेथले काका मोटारसायकलींची पंक्चरे काढत होते. त्यांनी माझी ट्यूब हातात घेऊन वरचा बारीक, लांब नाकाचा व्हॉल्व्ह पाहिला आणि म्हणाले, “ह्याचं नाक निराळं हाय. आमच्या मशीनची हवा ह्यात जायची नाय.” ते खरे होते. शहरातल्या दुकानदाराने मला हौसेने बसवून दिलेला हा फ्रेंच पद्धतीचा व्हॉल्व्ह गावोगावच्या हवेच्या यंत्रांना चालत नाही. त्यावर फिरवून बसवायची, करंगळीच्या नखाएवढी पितळी टोपी मिळते आणि ती चणे-फुटाण्यांच्या किमतीत येते, हे मला तोवर ठाऊकही नव्हते. हवा अखेर आमच्या हातपंपानेच भरावी लागली.

परंतु खरा धडा पुढे होता. “आधी बसली कशाने ते बघितलंत काय?” असे काकांनी विचारले. आम्ही टायरच्या आतून बोट फिरवले होते, काही लागले नव्हते. काकांनी डब्यातला चिमूटभर कापूस काढला आणि टायरच्या आतल्या अंगाने सावकाश फिरवत नेला. एका जागी कापसाचे तंतू अडकून राहिले. तेथे केसाएवढी बारीक पोलादी तार होती. ट्रकची जुनी टायरे फाटली की त्यांतल्या तारांचे असे तुकडे रस्त्यावर पडतात. बोटाला न लागणारी ती तार सायकलवर बसल्यावर वजनाने आत जाई आणि ट्यूबला टोचे. पकडीने ती उपटून त्यांनी माझ्या तळहातावर ठेवली. तिन्ही ट्यूबांची पंक्चरे काढून काकांनी जे पैसे सांगितले ते इतके थोडे होते की आम्ही आग्रहाने अधिक दिले, आणि त्यांनी त्या अधिक पैशांचा चहा मागवून आम्हालाच पाजला. तेव्हापासून माझ्या पंक्चरच्या डबीत कापसाचा बोळा असतो.

खाण्यापिण्यात आम्ही एकच मोठी चूक केली, पण ती दोनदा केली. हर्णैला दुपारी भरपेट सुरमईचे ताट आणि त्यावर सोलकढी घेऊन लगेच चढाला लागलो आणि पुढचा तासभर डोळे मिटत होते. दोन दिवसांनी जयगडला उतरल्यावर मालगुंडच्या वाटेवर तेच. त्यानंतर सकाळी घावन किंवा पोहे, दर तासाला केळे किंवा चिक्की, दुपारी थोडा भात आणि खरे जेवण रात्री, असा क्रम लावला. जानेवारीतही सड्यावर दुपारी ऊन भाजून काढते, सावलीला झाड नसते आणि घाम इतका जातो की सदऱ्यावर मिठाची पांढरी नक्षी उमटते. नुसते पाणी पीत राहिल्याने पोटऱ्यांत गोळे येतात. पाण्यात मीठ-साखर किंवा जलसंजीवनीची पुडी घातल्यावर ते थांबले. कोकम सरबतात मीठ अंमळ जास्त घालायला सांगावे.

वाऱ्याबद्दल मात्र नशीब आमच्या बाजूने होते. शाळेच्या भूगोलात खारे वारे आणि मतलई वारे पाठ केले होते, त्यांचा अर्थ पन्नाशीनंतर कळला. सकाळी जमिनीकडून मंद येणारा वारा अकराच्या सुमारास पडतो आणि दुपारी समुद्राकडून, वायव्येच्या अंगाने, चांगला जोरदार वारा सुटतो. उत्तरेकडून दक्षिणेला जाणाऱ्याला तो पाठीवर मिळतो. देवगडहून कुणकेश्वर, मिठबाव, आचरे करीत मालवणला जाताना आम्ही शिडाच्या होडीसारखे ढकलले गेलो. गोव्याकडून मुंबईकडे येण्याचा बेत कोणी करीत असेल तर त्याने रोजचे काम दुपारपूर्वी संपवावे.

तिघांचा वेग तीन प्रकारचा असतो, हे पहिल्या दिवशी कोणी बोलून दाखवले नाही आणि दुसऱ्या दिवशी त्यावरून भांडण झाले. भाचा पुढे जाऊन थांबत असे, आम्ही दमून पोहोचलो की विश्रांती झालेला तो लगेच निघत असे, आणि आम्हाला वाटे की हा आपली परीक्षा पाहतो आहे. बागमांडल्याच्या जेटीवर आम्ही ठरवले की प्रत्येकाने आपापल्या वेगाने जावे आणि पुढच्या ठरलेल्या खाडीवर सर्वांनी भेटावे. फेरी तिघांनी मिळूनच पकडायची. मागाहून येणारा पोहोचल्यावर त्याला निदान पंधरा मिनिटे बसू द्यायचे. फेरीबोटीमुळे ही भेट सक्तीची होते, हा या मार्गाचा मोठा गुण आहे.

परतीसाठी सायकली एका खासगी बसच्या डिकीत टाकल्या आणि ठाण्याला उतरवल्या तेव्हा माझ्या मागच्या गिअरचा लोंबता भाग आत वाकलेला होता. सायकल साखळीची बाजू खाली करून आडवी ठेवली गेली होती आणि तिच्यावर आंब्याच्या रोपांच्या कुंड्या रचल्या होत्या. दोष मी बसवाल्यांना देत नाही. साखळीची बाजू वर ठेवा असे सांगायला मी तेथे उभा राहायला हवे होते, आणि मी चहा प्यायला गेलो होतो.

या मार्गावर आमच्याबरोबर येण्याची माझ्या धाकट्या बहिणीचीही इच्छा होती. तिने पहिला प्रश्न विचारला तो वाटेतल्या स्वच्छतागृहांचा. पुरुषांना हा प्रश्न पडत नाही. पडला तेव्हा आम्ही पाहिले, आणि एसटीची स्थानके सोडली तर सांगण्यासारखे फारसे आढळले नाही. ज्या जेटींवर माणसे अर्धा-अर्धा तास फेरीची वाट पाहत बसतात तेथे तरी स्त्रियांसाठी स्वच्छ, दिवे असलेली सोय आणि पिण्याच्या पाण्याचा नळ असावा, ही मागणी केवळ सायकलस्वारांची नाही, डोक्यावर माशांची पाटी घेऊन रोज पलीकडे जाणाऱ्या बायांचीही आहे.

याच संदर्भात शासनाकडे एक विनंती आहे. रेवस ते रेडी हा सागरी महामार्ग सलग व्हावा म्हणून खाड्यांवर पूल बांधण्याच्या योजना आहेत. बाणकोटच्या खाडीत अर्धवट राहिलेल्या पुलाचे खांब आम्ही फेरीतून पाहिले. पूल अवश्य व्हावेत. खाडीपलीकडच्या गावातल्या आजाऱ्याला रात्री दवाखान्यात न्यायचे असते तेव्हा फेरीची गंमत कोणाला नसते. मात्र या पुलांवर मोटारींच्या मार्गिकेपासून कठड्याने वेगळी केलेली, निदान दोन मीटर रुंदीची पट्टी पादचारी आणि सायकलींसाठी आराखड्यातच धरावी. पूल उभा राहिल्यावर ती सहजासहजी जोडता येत नाही. खाडीवर आडवा वारा किती जोराचा असतो हे आम्ही भाट्याच्या पुलावर अनुभवले. मागून एसटी आली आणि त्याच क्षणी वाऱ्याचा झोत बसला तेव्हा माझे चाक हातभर सरकले होते. चालकाने वेग कमी करून वाट पाहिली म्हणून निभावले. गावातली शाळकरी मुले उद्या याच पुलांवरून सायकलने शाळेत जाणार आहेत, आणि प्रत्येक वेळी मागे असा समजूतदार चालक असेलच असे नाही.

आपला विश्वासू,
एक वाचक, ठाणे